कार्यक्रमवाल्याला बैठकीत खुर्ची द्या

आपल्याकडची, म्हणजे बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातली, कुठलीही जुनी वाचनालय-संशोधन-संस्कृती टाईपची संस्था घ्या. अध्यक्ष असतात, उपाध्यक्ष असतात, कार्यवाह, सहकार्यवाह, खजिनदार, वर दोन-चार सल्लागार. ग्रंथपालाला पगार असतो, शिपायाला असतो (किती ते विचारू नका), ऑडिटरची फी वेळेवर जाते. आणि वर्षभर जी व्याख्यानं, चर्चासत्रं, पुस्तक प्रकाशनं, स्पर्धा, वर्धापनदिन चालतात, ज्यामुळे संस्थेचं नाव पेपरात येतं आणि देणगीदार उभे राहतात, ते सगळं कोण करतं असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "आमची पोरं बघतात की ओ."

ही पोरं म्हणजे कोण? बँकेतून रिटायर झालेले एक काका, कॉलेजातल्या एक मॅडम ज्या पेपर तपासता तपासता निमंत्रणपत्रिकेचं प्रूफ बघतात, एमए करणारी दोन-तीन मुलं-मुली, आणि एखादा प्रेसवाला जो बिल कधी मागत नाही म्हणून त्याला सगळे 'आपला माणूस' म्हणतात. त्यांचा कुणी प्रमुख नसतो. असला तरी कागदावर नसतो. बोलणी खायच्या वेळी मात्र बरोबर एकच माणूस सापडतो.

माझं म्हणणं सरळ आहे. अशा संस्थेत कार्यक्रम प्रमुख हे पद असावं, त्याला पगार असावा, हाताखाली नीट टीम असावी, आणि विषय नि वक्ते ज्या बैठकीत ठरतात त्या बैठकीत त्याला मत असावं. खुर्च्या लावायला बोलवायचं आणि खुर्चीवर बसवायचं नाही, हे आता पुरे झालं. पैसे नाहीत हे मलाही माहीत आहे, त्यावर पुढे येतोच.

आधी हे काम असतं काय ते बघू, कारण कमिटीतल्या ज्येष्ठांना मनापासून वाटतं की हॉल बुक केला, माईकवाल्याला सांगितलं, चहा सांगितला की झालं. तसं पुण्यात होत असेल कदाचित. आपल्याकडे मैदानावर काही करायचं म्हटलं की पोलिस परमिशन, स्पीकरची परमिशन, जागेची एनओसी, आणि वक्ता महाराष्ट्रातून येणार असेल आणि विषयात भाषा, सीमा, इतिहास असला काही शब्द असेल तर दोन जादा चौकश्या. अर्ज कन्नडमध्ये नेला की टेबलावरून लवकर सरकतो, हे सगळ्यांना माहीत आहे पण कमिटीत कुणी बोलून दाखवत नाही. मराठीत कागद मिळणं हा आपला हक्क आहे आणि त्यासाठी भांडायचंच, पण व्याख्यान गुरुवारी आहे आणि आज सोमवार आहे, मग कन्नड शाळेत शिकलेला एक पोरगा टीममध्ये असला पाहिजे, जो तिथे 'नमस्कारा सर' म्हणून बसेल आणि शिक्का घेऊनच उठेल. बोर्डावर ६० टक्के कन्नड हा कायदा २०२४ ला झाल्यापासून तर बॅनर डिझाईन करणाऱ्यालाही आधी ते गणित करावं लागतं, अक्षरं किती मोठी, कोणती वर, नाहीतर नियम कुणाला लागतो कुणाला नाही याची चर्चा बॅनर उतरवल्यावर करत बसायची. दहानंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, बंद सभागृहात आतल्यापुरता चालतो, हा २००० सालचा नियम देशभरचा आहे, पण तो नीट माहीत असलेला माणूस संस्थेत एक तरी लागतो, कारण साडेनऊला पोलिस दारात आला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

ही सगळी कामं सुरू होतात कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर दिसतात ती फक्त त्या दिवशीची, म्हणून कुणाला किंमत नाही.

एक उदाहरण सांगतो, संस्थेचं नाव कशाला घ्यायचं, तिच्या जागी दुसरी कुठलीही बसेल. मागच्या हिवाळ्यात जुन्या देवळांच्या बांधकामावर व्याख्यान होतं. वक्ते कोल्हापूरहून स्वतःची गाडी चालवत आलेले. वेळ साडेपाचची, आणि साडेपाचला हॉल बऱ्यापैकी भरला होता, त्यामुळे 'लोक येतच नाहीत हो हल्ली' ही ओरड मला फारशी पटत नाही. खानापूरहून एक मास्तर त्यांच्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन आले होते, पुढच्या रांगेत वह्या उघडून बसले होते. इकडे प्रोजेक्टर कपाटात, कपाटाची किल्ली सहकार्यवाहांकडे, आणि सहकार्यवाह चंदगडला लग्नाला. किल्ली आली, प्रोजेक्टर निघाला, तर लॅपटॉपला लागणारी केबल नाही. साउंडवाला म्हणाला, "लॅपटॉपचं काय बोललाच नव्हतासा, आणली असती की." त्याचं बरोबर होतं. त्याला कुणी बोललंच नव्हतं, कारण बोलायचं कुणी हे ठरलं नव्हतं.

केबल येईपर्यंत म्हणून सुरुवात केली. दीपप्रज्वलन, त्यात फॅन चालू, काडी तीनदा विझली. मग ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय, मग सत्कार. वक्त्यांचा एक समजू शकतो. नंतर हॉल देणाऱ्यांचा, फुलं देणाऱ्यांचा, नुकतेच कुठल्या तरी सोसायटीवर निवडून आलेल्यांचा, आणि शेवटी अध्यक्षांना आठवलं म्हणून समोर बसलेल्या एका माजी नगरसेवकांचा. शाली संपल्या, मग एकाची शाल दुसऱ्याला. वक्ते बोलायला उभे राहिले तेव्हा सात वाजत आले होते आणि साडेसातला बसच्या धाकाने खानापूरचे मास्तर वह्या मिटून निघाले. राहिलेलं व्याख्यान 'हे पुढे घेऊ, हेही पुढे घेऊ' करत पळवलं. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचं, म्हणजे जुन्या जैन मंदिराचं, छतातलं दगडी कमळ, जे नीट समजून घ्यायला निम्मे लोक आले होते, ते पडद्यावर दहा सेकंद असेल नसेल. आभार मात्र व्यवस्थित झाले, कुणाचंही नाव राहिलं नाही.

आता यात वाईट माणूस कोण? कुणीच नाही. अध्यक्षांची भावना चांगली, काका धावपळ करून दमलेले, मुलं केबल शोधायला बाईकवरून गेलेली. फक्त 'सर, सत्कार एकच, बाकीचे चहाच्या वेळी घेऊ' असं अध्यक्षांना तोंडावर सांगण्याचा अधिकार तिथे एकालाही नव्हता. फुकट काम करणाऱ्याला असा अधिकार आपण देतच नाही, उलट तोच सगळ्यांचा मिंधा असतो. पद आणि पगार मी मागतोय तो या अधिकारासाठी. पगार घेणाऱ्या माणसाला काय जमलं नाही ते विचारता येतं, आणि त्यालाही 'हे माझ्या कामात येतं, इथे माझं ऐका' म्हणता येतं. व्याख्यानाचा वेळ सांभाळणं हे त्याचं पहिलं काम, पाहुण्यांची मर्जी सांभाळणं नंतर. आपल्याकडे उलटं चाललंय.

यावर नेहमीचं उत्तर येतं की हे सेवेचं काम आहे, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हौसेने केलंय, पगार आला की भाव गेला. मला या उत्तराबद्दल आदर आहे, पण अर्धाच. १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन घ्या, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव, ज्याच्या गोष्टी टिळकवाडीत अजून सांगतात. गंगाधरराव देशपांड्यांनी ते उभं केलं, स्वयंसेवकांनीच उभं केलं हे खरं, पण ते स्वयंसेवक म्हणजे आदल्या दिवशी फोन करून 'ये रे जरा' म्हणून बोलावलेले नव्हते. डॉ. ना. सु. हर्डीकरांचं हिंदुस्थानी सेवा दल आदल्याच वर्षी उभं राहिलं होतं, कवायत होती, शिस्त होती, ज्याच्याकडे बघायचं असा एक माणूस होता. सेवाभाव आणि नीट नेमलेला प्रमुख यांचं वाकडं आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं, ते आपल्यालाच वाटायला लागलंय.

मात्र एक गोष्ट मान्य करतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी इथली ग्रामीण साहित्य संमेलनं बघितली की पगाराचा विषय काढायची लाज वाटते. सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, दारोदारी रांगोळ्या, दुपारी मांडवातच पंगत, आणि संध्याकाळपर्यंत कथाकथन नि कविसंमेलनाला माणूस हलत नाही. तिथे सगळं गाव टीम असतं. तिथे कुणी कार्यक्रम प्रमुख नेमला तर गाव त्याच्यावर सगळं टाकून मोकळं होईल आणि संमेलन मरेल. पण ते वर्षातून एकदा असतं, जत्रेसारखं. शहरातल्या संस्थेला महिन्याला दोन-तीन कार्यक्रम करायचे असतात, आणि दर पंधरा दिवसांनी जत्रा कुणी भरवू शकत नाही.

दुसरं टोक म्हणजे इव्हेंट कंपनी. हल्ली शताब्दी, अमृतमहोत्सव असला की कमिटी म्हणते देऊन टाकू कंपनीला, कटकट नको. स्टेज झकास होतं, एलईडी पडदा येतो, निवेदिका लग्नाच्या संगीतातल्या आवाजात 'जोरदार टाळ्या' मागते. त्या बिचाऱ्यांना दोष नाही, त्यांचं काम तेच आहे. पण शिलालेखाचा ठसा दाखवताना हॉलचे दिवे किती कमी करायचे, कवीला पोडियमवाला माईक नको असतो, ऐंशी वर्षांच्या अभ्यासकाला स्टेजच्या पायऱ्या चढवत नाहीत म्हणून बैठक खालीच मांडायची, ज्यांनी हयातभर या विषयावर लिहिलंय ते गृहस्थ तिसऱ्या रांगेत गप्प बसलेत आणि प्रश्नोत्तरात माईक आधी त्यांच्याकडे न्यायचा, हे कंपनीला कुठून कळणार? हे कळायला संस्थेची पुस्तकं वाचलेला माणूस लागतो. म्हणूनच म्हणतो की हे व्यवस्थापनाचं काम जितकं आहे तितकंच विद्वत्तेच्या शेजारचं काम आहे.

आणि मत द्या म्हणतो ते यासाठी. विषय कसे ठरतात बघा. कार्यवाहांच्या ओळखीचा वक्ता, अध्यक्षांच्या वाचनातला विषय, आणि 'गेल्या वर्षी ते आले होते, छान बोलले होते, परत बोलवू'. जी माणसं दारात उभी असतात, कोण अर्ध्यात उठून गेलं, कोण शेवटी वक्त्याला गाठून पंधरा मिनिटं बोललं, कॉलेजची मुलं कुठल्या विषयाला स्वतःहून आली आणि कुठल्या विषयाला सरांनी हजेरी लावली म्हणून आली हे ज्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं, त्यांना बैठकीत कुणी विचारत नाही.

त्यांना विचारलं असतं तर एक विषय कधीच पुढे आला असता, आपल्या अंगणातला. कमल बस्ती १२०४ ची, सौंदत्तीच्या रट्ट राजांपैकी चौथ्या कार्तवीर्याच्या काळातली, त्याचा मंत्री बिचिराजाने बांधलेली. तिकडे खानापूर तालुक्यात हलशी, कदंब राजांचं जुनं ठाणं, भूवराह-नरसिंहाचं देऊळ. या ठिकाणांचे शिलालेख वाचायचे तर जुनं कन्नड येणारा माणूस लागतो, आणि असे अभ्यासक पंच्याहत्तर किलोमीटरवर धारवाडला आहेत. पुण्याहून वक्ता बोलवायला आपण साडेतीनशे किलोमीटरची गाडी करतो, धारवाडला फोन करत नाही, कारण 'तो कन्नडमध्ये बोलणार, मग आपल्या लोकांना काय वाटेल'. अहो, आपल्या लोकांना कन्नड कळतं. बाजारात कळतं, बँकेत कळतं, हॉलमध्येच कसं कळत नाही? ज्यांना खरंच कळत नाही त्यांच्यासाठी मराठीत दोन पानांचा सारांश दारात वाटा, प्रत्येक वीस मिनिटांनी एक जण उठून मराठीत गोळा करून सांगू दे. कुणीतरी आठवडाभर आधी धारवाडला जाऊन वक्त्याकडून टिपणं आणायची, त्यातले अवघड शब्द अभ्यासकांकडून तपासून घ्यायचे, म्हणजे हे जमतं. हे कार्यक्रम प्रमुखाचंच काम आहे. तत्त्वज्ञ गुरुदेव रानड्यांनी महाराष्ट्रातल्या संतांवरही लिहिलं आणि कन्नड संतांवरही, त्यांचं मंदिर हिंदवाडीत आहे, आपण रोज त्याच्यावरून जातो. सीमाप्रश्नावर माझं मत जे आहे ते आहे आणि ते बदललेलं नाही, पण आपल्या मराठी संस्थेने कन्नड शिलालेखावर व्याख्यान ठेवलं तर आपला दावा काही कमजोर होत नाही.

अशा विषयांत वाद होणार हे गृहीत धरूनच टीम बांधावी लागते. २००४ ला पुण्यात एका पुस्तकाच्या वादातून भांडारकर संशोधन संस्थेची मोडतोड कशी झाली, २०१५ ला धारवाडमध्ये शिलालेखांचे अभ्यासक कलबुर्गी सरांना घरच्या दारात कसं मारलं, हे दोन्ही आपल्यापासून एका दिवसाच्या अंतरावर घडलंय. त्यामुळे प्रश्नोत्तरं कोण चालवणार, आवाज चढला तर मध्ये कोण पडणार, वक्त्याला गाडीपर्यंत कोण सोडणार, हे त्या क्षणी ठरवून चालत नाही. आपल्याकडे यावर तोडगा म्हणून वादाचा विषयच घेत नाहीत आणि तिसऱ्यांदा 'वाचन संस्कृती आणि आजची पिढी' घेतात.

मग कार्यक्रम झाल्यावरचं काय? १९४६ ला बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, माडखोलकर अध्यक्ष होते, ते भाषण छापलं गेलं म्हणून आज आपण त्याच्या गोष्टी करतो. आणि परवा झालेलं चांगलं व्याख्यान? कुणाच्या तरी मोबाईलमध्ये पंचवीस मिनिटं रेकॉर्ड झालं, मग मेमरी फुल झाली. संस्थेच्या फाईलला काय लागलं तर पेपरचं कात्रण, त्यात स्टेजवरच्या सगळ्यांची नावं आणि वक्ता काय बोलला याच्या दोन ओळी. आवाज नीट टिपणं, वक्त्याची लेखी परवानगी घेणं, नाव-तारीख-विषय घालून ठेवणं, सहा महिन्यांनी त्यातल्या चांगल्या चार व्याख्यानांची पुस्तिका काढणं, हे सगळं संस्थेच्या मूळ कामात बसतं. कार्यक्रम करून विसरायचाच असेल तर तो संशोधन संस्थेने कशाला करायचा, गणपती मंडळं आहेतच की.

आता पैसे. संस्थांकडे स्मृतिव्याख्यानांच्या ठेवी असतात. कुणी वडिलांच्या नावाने लाख रुपये ठेवतो, सात टक्क्यांनी वर्षाला सात हजार येतात, त्यात वक्त्याचं मानधन, गाडी, साउंड, चहा, शाल, फोटो, आणि कमी पडले की काका खिशातून घालतात. म्हणजे प्रत्येक नवीन ठेव घेतली की संस्था कामाचा एक नवीन दिवस विकत घेते आणि तो करणाऱ्याचे पैसे त्यात नसतात. धारवाडच्या कर्नाटक विद्यावर्धक संघात, जो १८९० चा आहे, अशा ठेवींवरचे कार्यक्रम वर्षभर चालतात, हे मॉडेल आपल्याला नवीन नाही. माझी सूचना अशी की इथून पुढे ठेव घेताना सरळ सांगावं की व्याजातला तिसरा हिस्सा कार्यक्रम विभागाचा, आणि ठेवीची किमान रक्कम वाढवावी. एक-दोन देणगीदार रुसतील. रुसू देत. पंधरा स्मृतिव्याख्यानं पळवत उरकण्यापेक्षा आठ नीट झालेली बरी, आणि ज्यांच्या नावाने व्याख्यान आहे त्यांनाही तेच आवडलं असतं.

आणि एका संस्थेला पूर्ण पगार झेपत नसेल तर तीन संस्थांनी मिळून एक माणूस ठेवावा. शहरातल्या संस्थांचे हॉल चालत जाण्याच्या अंतरावर, श्रोते तेच, वक्तेही बरेचसे तेच, पण एकाच संध्याकाळी दोघींचे कार्यक्रम आणि दोन्हीकडे अर्धे हॉल, हे आपण वर्षानुवर्षं बघतोय. एक कॅलेंडर, एक माणूस, पुण्याहून आलेला वक्ता दुसऱ्या दिवशी निपाणीला नाहीतर खानापूरला, गाडीचा खर्च वाटून. हे सुचवलं की लगेच 'आमची संस्था १८४८ ची, त्यांची कालची' असं सुरू होतं, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. सीमाभागासाठी महाराष्ट्रातून अनुदान येतं तेव्हाही ते संमेलनाला येतं, मांडवाला येतं, माणसाला येत नाही. ते एकदा माणसासाठी मागून तरी बघा.

माणूस मिळेल का ही काळजी मला अजिबात नाही. मराठीत एमए केलेल्या, कन्नड फाडफाड बोलणाऱ्या, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दोनशे पोरांना सांभाळलेल्या मुली या जिल्ह्यात भरपूर आहेत, आणि आज त्या पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जाऊन कुठल्या तरी कंपनीच्या एचआरमध्ये बसतात. त्यांना इथे ठेवायचं तर निदान तिकडच्या पहिल्या पगाराच्या जवळपास जावं लागेल, आणि रात्री साडेनऊला हॉल बंद करून घरी जायची रिक्षा संस्थेच्या खर्चाने द्यावी लागेल, ही छोटी गोष्ट नाही, पण कमिटीतल्या पुरुषांना ती सुचतच नाही.

मुलाखत घ्याल तेव्हा पदव्या कमी बघा. हलशीवर तीन व्याख्यानांची मालिका करायची तर कुणाला बोलवाल ते विचारा. पाच वाजलेत, साउंडवाला फोन उचलत नाही, पहिला फोन कुणाला कराल ते विचारा. विद्यार्थी स्वयंसेवक तिसऱ्या कार्यक्रमानंतर यायचे बंद का होतात ते विचारा, इथे खरं उत्तर देणारी मुलगी मिळाली तर तिला सोडू नका. आणि अध्यक्षांचं भाषण दहा मिनिटांचं ठरलेलं असताना पंचविसाव्या मिनिटाला ते रंगात आले असतील तर काय कराल, हाही प्रश्न ठेवा, आणि तो अध्यक्षांनाच विचारायला लावा.